पाचवी टिकली

कागदावर तीन ओळी होत्या आणि त्यांच्याखाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती.

‘साफसफाई करताना प्रयोगशाळा परिचर श्री. गुंडू चौगले यांच्या हलगर्जीपणामुळे उपकरणाच्या वायरींची अदलाबदल झाली. त्यामुळे शुक्रवारचे वाचन उलट चिन्हाचे आले. संबंधितास कामावरून कमी करण्याबाबत एजन्सीस कळविण्यात येत आहे.’

“कर सही,” विजयसिंह सर म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं.

“मी बघितलेलं नाही, सर.”

“काय बघितलं नाहीस?”

“मामांनी वायरी बदलताना.”

“मग काय वायरी आपोआप बदलल्या? पाय फुटले त्यांना?” सरांनी कागद माझ्याकडे आणखी दोन बोटं सरकवला. “पाहणीला आलेल्या मॅडमना सोमवारी सकाळी लेखी उत्तर द्यायचंय. मापन तू केलंस, तुझी सही लागणार. पोरकटपणा करू नकोस.”

“मी सही करणार नाही.”

सर खुर्चीत मागे रेलले. तेवीस वर्षं शिकवणारा माणूस. ते एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला शिकवायला होते, आणि या प्रकल्पावर मला त्यांनीच घेतलं होतं. “दानेश्वरी, तुझ्या मुदतवाढीचं पत्र ह्या ड्रॉवरमध्ये आहे. मी अजून सही केलेली नाही. म्हणजे आपण दोघंही सहीसाठी खोळंबलोय. सोमवारी दहापर्यंत विचार कर.”

त्यात विचार करण्यासारखं काय होतं ते आधी सांगते.

आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात आम्ही सोलर सेल बनवतो, पण छतावर असतात तसले नाहीत. छतावरच्या सिलिकॉनच्या सेलमध्ये दोन वेगळे थर जोडलेले असतात आणि वीज कुठल्या बाजूला वाहणार हे तो जोड कारखान्यातच ठरवतो. ते पुढं कधी बदलत नाही. आमचा पदार्थ फेरोइलेक्ट्रिक आहे. चुंबकाला जसं उत्तर आणि दक्षिण टोक असतं, तशी याला आतूनच विजेची एक अधिक बाजू आणि एक वजा बाजू असते. पुरेसा व्होल्टेज उलटा दिला की या बाजू पालटतात आणि व्होल्टेज काढून घेतला तरी तशाच पालटलेल्या राहतात. उजेड पडल्यावर वीज कुठल्या दिशेनं वाहणार हे मुख्यतः या आतल्या बाजूंवर ठरतं. म्हणजे त्याच सेलवर तोच उजेड टाकून उलटी वीज मिळायला हवी. हवी, असं आम्ही प्रकल्पाच्या अर्जात लिहिलं होतं. अजून दाखवलेलं नव्हतं.

आमची फिल्म तांबूस रंगाची, काचेवर बसवलेली. काच बोटाच्या पेराएवढी. वरून सोन्याचे नऊ ठिपके, एकेक मोहरीएवढा. प्रत्येक ठिपका हा स्वतंत्र सेल. एका वेळी एकाच ठिपक्यावर सुई टेकवायची आणि मोजायचं. गुंडूमामा तिला टिकल्यांची काच म्हणतात.

“ह्याच्यावर बल्ब लागतोय का ओ ताई?” त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“नाही. नऊच्या नऊ जोडल्या तरी मनगटावरचं घड्याळ चालणार नाही.”

“मग एवढं एसी लावून काय करतायसा?”

“वीज कुठं वळते ते बघतोय.”

“बघा, बघा. आमच्या पेठेत बी निम्मी माणसं बघायच्याच कामावर हाईत.”

मामा शिवाजी पेठेत राहतात. तरुणपणी तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेत आणि अजूनही कुणी चुकीचा फाउल दिला तर मैदानावरच्या शिव्या प्रयोगशाळेत ऐकू येतात. बावीस वर्षं इथं काम करतात, पण नोकरी एजन्सीमार्फत. दर दिवाळीला करार नवा करायचा. दिवाळी अडीच आठवड्यांवर आली होती. या कागदावर माझी सही झाली असती तर त्यांचा करार नवा झाला नसता, एवढं सरळ होतं.

झालं असं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी पाचव्या ठिपक्यावर मापन संपवलं. अधिक शून्य दशांश तीन एक व्होल्ट. आधीच्या अहवालातही तसंच. बुधवारी खंडेनवमी, आमच्याकडे यंत्रांची पूजा. गुरुवारी दसरा, सुट्टी. शुक्रवारी प्रकल्पाची पाहणी करायला संयोगिता मॅडम बाहेरगावाहून आल्या. सुई पाचव्या ठिपक्यावर होतीच. सुईची वायर मीटरला जोडायची की व्होल्टेज देणाऱ्या सप्लायला, हे ठरवणारा स्विच मी मीटरकडे वळवला, दिवा लावला, आणि पडद्यावर वजा शून्य दशांश दोन चार आलं.

“वजा?” मॅडमनी चष्मा कपाळावर नेला. “तुमच्या अहवालात अधिक आहे.”

“वायर उलटी लागली असणार,” सर लगेच म्हणाले. “परवा साफसफाई झाली.”

“असणार, की लागली? मी सोमवारी गडहिंग्लजहून परत जाताना येते. मला लेखी द्या.”

मॅडम गेल्या आणि सरांनी गुंडूमामांना आत बोलावून त्यांच्यावर आवाज चढवला. मामांनी एकच वाक्य तीनदा सांगितलं. “मी हात लावला न्हाई.” चौथ्यांदा सांगितलं नाही.

सही नाकारून मी सरांच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा शनिवार दुपारचा एक वाजला होता. मामा मागच्या बाकावर डबा उघडून बसले होते. कागदाची गोष्ट त्यांना माहीत होती. इथं सगळ्यांना सगळं माहीत असतं.

“मामा, मी लिहून देते की वायर माझ्या हातून बदलली. मापन मीच केलं होतं. विषय संपेल.”

मामांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. “बदलली का तुमच्या हातनं?”

“नाही. मी बघितलं, लाल वायर जागेवरच होती.”

“मग?”

“मग काय, तुमची नोकरी राहील.”

“हे बघा ताई.” त्यांचा आवाज जेवताना असतो तेवढाच होता. “मी हात लावला, हे खोटं हाय. तुम्ही लावला, हे बी खोटंच. एक खोटं काढून दुसरं घालायचं, ह्यात माझं काय ऱ्हायलं? मला वाचवायचं असंल तर खऱ्यानं वाचवा. न्हाईतर बसा गप. मी जातो दुसरीकडं, हात हाईत मला.”

मला राग आला, कारण ते बरोबर होते.

संध्याकाळी मी अप्पांना फोन केला. माझे वडील चन्नाप्पा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत तपासनीस आहेत. ओतीव भाग साच्यातून आला की हातोडीनं ठोकून बघायचा. आत चीर असली तर आवाज बद्द येतो. तीस वर्षं त्यांनी हेच ऐकलंय. मॅनेजरनं कितीही घाई केली तरी बद्द वाजलेला भाग गाडीत चढू देत नाहीत, म्हणून त्यांना बढतीही मिळालेली नाही.

सगळं ऐकून अप्पा म्हणाले, “उलटं वाजलं ते किती?”

“किती म्हणजे? पाचवा ठिपका.”

“आणि उरलेले आठ?”

मी वही ओढली.

“ठोकलेच नाहीस?” अप्पा हसले. “अगं एक भाग ठोकून अख्खा लॉट पास करत नाहीत. आणि एक ठोकून अख्खा रिजेक्टही करत नाहीत. तुमच्या त्या मोठ्या कॉलेजात एवढं शिकवत नाहीत? थांब, अव्वाला बोलायचंय.”

अव्वाशी, म्हणजे माझ्या आईशी, मी काय बोलले ते मला आठवत नाही. मी वहीवर आकडे लिहीत होते. वायर उलटी असती, तर नऊच्या नऊ ठिपके वजा दाखवणार. वायर ठिपका बघून उलटी होत नाही.

रविवारी सकाळी किल्ली मामांकडे होती. त्यांनी कुलूप काढलं आणि स्टूल घेऊन दारातच बसले. “मी आत येत न्हाई. परत म्हणायचे, गुंडूनं काय तर केलं.”

“या आत. साक्षीदार पाहिजे मला.”

कुठलीही वायर न हलवता मी पहिल्या ठिपक्यावर सुई टेकवली. दिवा लावला की काच तापते, आणि तापता तापताही थोडा प्रवाह दिसतो. तो खरा नव्हे. म्हणून प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबायचं. थांबले. अधिक शून्य दशांश तीन शून्य. दुसरा, अधिक. तिसरा, चौथा, अधिक. पाचवा, वजा शून्य दशांश दोन चार. सहावा अधिक. नववा मोजून झाला तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीलाही तेच. आठ ठिपके अधिक आणि मधला एकटा वजा.

“म्हंजी?” मामा माझ्या मागं येऊन उभे होते.

“म्हणजे वायर बरोबर आहे. पाचवा ठिपकाच आतून पालटलाय.”

“हाफटाइमला बाजू बदलतात तसा?”

“अगदी तसा. पण हाफटाइमची शिट्टी कुणीतरी वाजवायला लागते. कुणीतरी त्याला उलटा व्होल्टेज दिला.”

मी माझी वही उघडली. मंगळवारच्या पानावर शेवटी माझ्याच अक्षरात होतं: ‘सप्लायची टोकं उलटी जोडली. नॉब बारा व्होल्टवर. स्विच सप्लायकडे. पाहणीनंतर पाचवा ठिपका पालटून बघणे.’ तयारी मी स्वतः केली होती. पण सप्लाय बंद होता. मी बंद करून गेले होते, तेही लिहिलेलं होतं. आमचा सप्लाय जुना. त्याला वेगळं बटण नाही. मुख्य बटण दाबलं की नॉब जिथं असेल तेवढे व्होल्ट थेट पुढं जातात.

“बंद होता,” मी मोठ्यानं म्हणाले. “बंद सप्लायनं काही होत नाही.”

“बंद कुठला? नवमीला समदी यंत्रं चालू केलती की.”

मी मामांकडे वळले.

“असं काय बघताय? पूजा झाली, नारळ फोडला, आणि सरांनी एकेक बटण दाबलं. मुहूर्त नगो का? आरती होईपतोर चालूच हुतं समदं. मग सरांनीच एकेक बंद केलं.”

“हे तुम्ही परवा का नाही सांगितलं?”

“मला इचारलं कुणी? वायरला हात लावलास का, एवढंच इचारत हुते. आणि नवमीला यंत्र चालू करत्यात हे काय सांगायचं असतंय व्हय? आमच्या गल्लीतला गिरणीवाला बी करतो.”

तेही खरं होतं. अप्पांच्या फाउंड्रीतही पूजेनंतर प्रत्येक यंत्र क्षणभर चालवतात. मी बुधवारी तिथंच उभी होते, हातात प्रसाद घेऊन, आणि मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं. अव्वाला पाठवायला फोटो मात्र काढले होते. फोनमध्ये शोधले. चौथ्या फोटोत झेंडूची माळ, कुंकवाचं बोट लावलेला सप्लाय, बटणावर सरांचा हात, आणि माळेच्या खाली लाल आकडे: बारा दशांश शून्य. पुढच्या, आरतीच्या फोटोतही तेच आकडे. दोन फोटोंत चार मिनिटांचं अंतर.

“काचेला मी कुंकू लावलं न्हवतं हं,” मामा फोटोत डोकावत म्हणाले. “म्हटलं, हिला आधीच नऊ टिकल्या हाईत.”

सोमवारी पावणेदहाला सरांनी विचारलं, “झाला विचार?”

“झाला, सर. मॅडमसमोर मला दहा मिनिटं पाहिजेत.”

“कशाला?”

“वायरी बदलल्या नव्हत्या ते दाखवायला. चूक कुठं झाली ते मला सापडलंय. तुम्हाला आधी दाखवू का?”

मी वही आणि फोन पुढं केला. सरांनी फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

“हे तू मॅडमना दाखवणार?”

“हो.”

“आणि म्हणणार की मी पूजा केली म्हणून प्रयोग बिघडला. अख्ख्या महाराष्ट्रात हसं होईल माझं. कळतंय का तुला?”

“बिघडला नाही, सर. झाला. आपण अर्जात लिहिलेला प्रयोग तोच होता.”

“पत्र ड्रॉवरमध्ये आहे, दानेश्वरी.”

“असू दे.”

मी फोन उचलला, वहीत घातला आणि मापनाच्या टेबलाकडे गेले.

दहा वाजता मॅडम आल्या. मी एकामागून एक नऊ ठिपके मोजून दाखवले. चौथ्यानंतर त्या खुर्ची सोडून पडद्याजवळ आल्या, पाचव्याला “अच्छा” म्हणाल्या आणि नवव्यानंतर सरळ माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे वायर नाही. मग पाचव्याला उलटा व्होल्टेज मिळाला कसा?”

“मंगळवारी मी सप्लाय उलटा जोडून, बारा व्होल्टवर ठेवून गेले. तसा ठेवायला नको होता. ती चूक माझी. बुधवारी खंडेनवमीच्या पूजेत तो चालू झाला. चार मिनिटं.”

“कोणी चालू केला?”

मामा चहा घेऊन दारात थांबले होते.

“मुहूर्त सरांच्या हातून झाला,” मी म्हणाले.

“पूजेचा आणि प्रयोगाचा काय संबंध?” सर म्हणाले.

“तेच मी विचारतेय,” मॅडम म्हणाल्या. “सांगणं सोपं आहे. पुन्हा करून दाखवा. कुठलाही दुसरा ठिपका घ्या.”

मी सातव्यावर सुई टेकवली. अधिक शून्य दशांश तीन शून्य. स्विच सप्लायकडे वळवला. मग बाजूला झाले.

“सर, बटण तुम्ही दाबा.”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी स्वतःच बटण दाबून मोकळी झाले असते. मी हात पाठीमागे घेतले. ते उठले आणि त्यांनी बटण दाबलं. लाल आकडे उजळले.

“आरती म्हणायची का?” मामांनी दारातून विचारलं.

मॅडम हसल्या. सर हसले नाहीत, पण मनगटावरच्या घड्याळात वेळ त्यांनीच धरली. चार मिनिटं झाली. मग मी सप्लाय बंद केला, स्विच मीटरकडे वळवला, दिवा लावला आणि दोन मिनिटं थांबले.

वजा शून्य दशांश दोन तीन.

“तीनशे दिवस मी तुमच्या अहवालांत ह्या वजाची वाट बघत होते,” मॅडम सरांना म्हणाल्या. “तुमच्या हातून तो आला, आणि तुम्ही तो साफसफाईच्या माथी मारत होतात? अधिक आणि वजा सारखे का नाहीत, तेही बघा. वर सोनं आणि खाली दुसरा थर आहे म्हणून असेल. पण बघा. मला संध्याकाळपर्यंत नवं निवेदन पाठवा.”

त्या गेल्यावर सरांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “लिही. ‘सुट्टीच्या काळात नमुन्याला अनवधानाने विद्युतक्षेत्र लागू झाले.’”

“कोणाच्या अनवधानानं, सर?”

“दानेश्वरी.”

“वायरी आपोआप बदलत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. व्होल्टेजही आपोआप लागू होत नाही. माझ्या चुकीपुढं मी माझं नाव लिहिलंय. तुमच्यापुढं तुमचं लिहिते. आणि तिसरी ओळ, गुंडू चौगले यांनी कशालाही हात लावलेला नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर ह्या कागदावरही मी सही करणार नाही.”

सरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मी लिहिलेलं निवेदन त्यांनी दोनदा वाचलं. ‘खंडेनवमी, सकाळी अकरा चाळीस, बारा व्होल्ट, चार मिनिटे’ या ओळीपाशी त्यांचं पेन थांबलं, आणि मला वाटलं आता खोडतील. त्यांनी ‘चार’च्या आधी ‘सुमारे’ घातलं. बरोबर होतं, फोटोच्या वेळेवरून त्याहून नेमकं सांगता येत नाही. मग सही केली.

“तुझ्या मुदतवाढीचं मार्चमध्ये बघू,” ते म्हणाले. ड्रॉवर उघडला नाही.

“बघा, सर.”

जुना तीन ओळींचा कागद टेबलावर तसाच पडला होता. सर तो फाडायला गेले, तेवढ्यात गुंडूमामा कप उचलायला आत आले.

“फाडू नगा. मला द्या त्यो.”

“कशाला?”

मामांनी हात पुढं केला. बावीस वर्षांत त्यांना सरांपुढं असा हात करताना मी बघितलं नव्हतं; सरांनीही नसेल, कारण त्यांनी कागद देऊन टाकला. मामांनी त्याची चौकोनी घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि कप घेऊन निघाले. मी मागोमाग व्हरांड्यात गेले.

“मामा, काय करणार त्याचं?”

“पुढच्या नवमीला पूजेत मांडणार. तुमच्या त्या सप्लायच्या शेजारी.”

“कागद?”

“नवमीला शस्त्रं पुजत्यात की न्हाई? ह्यानं माणूस कापला जातोय, मग हे शस्त्र न्हवं व्हय?” त्यांनी खिशावर हात मारला. “फकस्त आता त्याची मूठ माझ्याकडं हाय. चला, बाकीच्या टिकल्या बी पालटून बघा. सात ऱ्हायल्यात.”